मागच्या खोलीतले तीन दिवस

सोमवारी सकाळी चहाचा दुसरा घोट घेताना माझ्या लक्षात आलं की काजळीचा उजवा कान हलतोय. काजळी म्हणजे आमची मांजर, खरं तर माझ्या बायकोची. मांजरीचा कान हलण्यात नवल नाही, पण हा कान कुठल्या आवाजाकडे वळत नव्हता. तो जागच्या जागी फडफडत होता, थांबत होता आणि पुन्हा फडफडत होता. माझी तीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत गेली. असं काही दिसलं की माझं मन आधी मोजायला लागतं. लिफ्टचा विजेचा खटका, म्हणजे रिले, सैल झाला की असंच होतं, चिकटतो, सुटतो, चिकटतो, आणि लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं वर येऊन उभी राहते. मी कप खाली ठेवला आणि मोजलं. चार सेकंद. मग तीन. मग पुन्हा चार. मला भीती वाटली नाही, हे खरं ते सांगतो. मला कुतूहल वाटलं. बायको गेल्यापासून आठ महिन्यांत मला कशाचंच कुतूहल वाटलं नव्हतं, त्यामुळे ते वाटलं तेव्हा बरंच वाटलं, आणि मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो.

दहा मिनिटांत ते कानावरून खांद्यावर आलं. खांद्याची कातडी अशी थरथरली की जणू तिच्याखालून कोणी बोट फिरवतंय. मग काजळी उठली आणि चालायला लागली, आणि प्रत्येक पावलाला मागचा पाय झटकायला लागली, ओल्या फरशीवर पडावा तसा. फरशी कोरडी होती. मी हात लावून पाहिली. तिच्या हनुवटीखालचे केस मात्र ओले होते, लाळेने. आमचा कुत्रा दाराशी उभा राहून हे सगळं बघत होता. त्याचं नाव ठोकळ्या. ते बायकोनेच ठेवलं. दार उघडलं तरी आत यावं की नाही याचा विचार करत उभा राहतो म्हणून. "अगदी तुमच्यावर गेलाय," ती म्हणायची. ठोकळ्या काजळीकडे जायला निघाला आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्याच्या मानेवरचे केस अजून चिकट होते, चार जागी, मी काल लावलेल्या औषधाने.

ते औषध पिसवांचं. घरात पिसवा झाल्या होत्या. ती असताना कधी झाल्या नाहीत, म्हणून आधी मला वाटलं डास चावतात. घोट्याभोवती लाल ठिपके, एका रेषेत. मग खालचा शिंपी एक दिवस म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही दुकानात येऊन पाय खाजवता आणि तुम्ही गेलात की माझं गिऱ्हाईक खाजवतं. माप घ्यायचं कसं मी?" त्याची बायको आतून म्हणाली, "भावोजींना बोलू नका असं." त्यावर तो म्हणाला, "भावोजींना नाही, पिसवांना बोलतोय." तर काल रविवारी मी बायकोचं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात प्राण्यांच्या औषधांचा डबा होता आणि त्यात पिसवांच्या औषधाचा रिकामा खोका, ज्यावर तिने पेनने 'ठो' लिहिलं होतं. तोच खोका दुकानात दाखवून मी नवा आणला. त्यावर ठळक लिहिलं होतं, फक्त कुत्र्यांसाठी, दहा ते पंचवीस किलो. मी वजनकाट्यावर एकदा एकटा उभा राहिलो, एकदा ठोकळ्याला उचलून. एकाहत्तर आणि साडेएकोणनव्वद. म्हणजे साडेअठरा. सगळं बरोबर होतं. केस बाजूला करून कातडीवर मानेपासून पाठीपर्यंत चार जागी औषध सोडलं, त्याची जीभ पोचणार नाही अशा ठिकाणी. हात साबणाने दोनदा धुतले. काजळीला मी त्यातला थेंबही लावला नाही. उरलेलं तिला लावावं का, असा विचार मनात आला होता, पण खोक्यावर 'फक्त' लिहिलेलं असताना असले विचार करायचे नसतात, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो आहे. खोक्यात आठ घड्या घातलेला पातळ कागद होता, मुंगीएवढ्या अक्षरांचा. रिकामी ट्यूब मी त्यातच गुंडाळली आणि टाकून दिली. मग दोघं नेहमीसारखे झोपले. ती गेल्यापासून काजळीला मांडी उरलेली नाही, म्हणून ती ठोकळ्याच्या पाठीवर झोपते, त्याच्या मानेत तोंड खुपसून. झोपण्याआधी त्याची मान चाटते. काल ती बराच वेळ चाटत होती. मी बघितलं, आणि मला ते गोड वाटलं.

पण हे सगळं मी तेव्हा, चहा निवत असताना, जुळवत नव्हतो. तेव्हा माझं लक्ष मागच्या खोलीच्या दाराकडे गेलं, का गेलं ते माहीत नाही. बहुधा काजळी तिकडे चालली होती म्हणून. त्या खोलीत शिलाईचं मशीन आहे, एक गादी आहे, आणि मांजरीच्या शी-शूची, माती भरलेली पेटी. दार उघडंच होतं. आठ महिने उघडंच आहे. त्याआधी सहा वर्षं, दर महिन्याला, ते तीन दिवस बंद असायचं. शुक्रवार, शनिवार, रविवार. बायको आत असायची आणि काजळी तिच्याबरोबर. स्वयंपाकाला बाहेर यायची, चटकन करायची आणि परत जाऊन आतून कडी लावायची. झोपायचीही तिथेच. सोमवारी सकाळी बाहेर येऊन ती नेहमीसारखी व्हायची, म्हणायची, "चहा घेणार ना?" हे पहिल्यांदा झालं ते मुलीला परगावी नोकरी लागली त्या आठवड्यात. मुलगी जाऊ नये असं बायकोला वाटत होतं आणि मी म्हणालो होतो, जाऊ दे. त्यावरून आमचं थोडं झालं होतं. फार नाही. आमच्यात कधीच फार होत नसे. तर दार बंद झालं तेव्हा मला वाटलं, हे त्याचंच. पुढच्या महिन्यात पुन्हा झालं तेव्हाही वाटलं, त्याचंच. असं वाटत वाटत सहा वर्षं गेली. मी दारावर कधी टकटक केली नाही. दाराबाहेर मुद्दाम पाय आपटत चालायचो, मी इथे आहे हे तिला कळावं म्हणून. आतून रेडिओचा आवाज यायचा, कधी तिचा बोलण्याचा, मांजरीशी बोलत असावी तसा. ती गेल्यावर, सगळे नातेवाईक परत गेल्यावर, मी त्या खोलीत जाऊन तपासलं. मशीनचा खण, गादीखाली, पडद्यामागे. एखादी वही, एखादं पत्र, काहीतरी. लिफ्ट बंद पडली की कारण सापडतंच, फक्त वेळ लागतो. तिथे दोऱ्याची रिळं सापडली.

काजळी उंबऱ्यापाशी आडवी पडली आणि तिचे चारही पाय एकदम ताठ झाले. तेव्हा मी उठलो. फ्रिजवर दवाखान्याचा नंबर चिकटवलेला होता, तिच्या अक्षरात.

"मांजरीचा कान हलतोय," मी फोनवर म्हणालो. म्हटल्यावर ते किती खुळ्यासारखं वाटतं ते कळलं. "म्हणजे आता पायही."

"लाळ येतेय?" डॉक्टरीणबाईंचा आवाज तरुण होता. "घरात पिसवांचं औषध वापरलंत का दोन दिवसांत?"

"कुत्र्याला लावलंय. मांजरीला नाही."

"खोका आहे? आत काय औषध आहे ते वाचा. मोठं नाव नको, खालचं."

मी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. परमेथ्रीन.

"काका, नीट ऐका. तिला दूध पाजू नका, तेल लावू नका, घरी धुवायला जाऊ नका. झटक्यात पाणी नाकात जाईल. टॉवेलात सैल गुंडाळा आणि आत्ता निघा. खोका बरोबर आणा. कुत्र्याला आणू नका."

शिंपी स्कूटर काढून उभाच होता, मी जिन्यात काय बोललो ते मला आठवत नाही. "हेल्मेट एकच आहे," तो म्हणाला. "तुम्हाला घालू की तिला?" मी मागे बसलो तसा तो प्रत्येक खड्डा चुकवत गेला. टॉवेलातून काजळीचा थरकाप माझ्या पोटाला लागत होता. तिचं वजन साडेतीन किलो. ही गोष्ट मला माहीत नव्हती, दवाखान्यात कळली. ठोकळ्याचं वजन मी अर्ध्या किलोपर्यंत काढलं होतं आणि हिला कधी काट्यावर ठेवलंच नव्हतं, कारण हिला काही लावायचं नव्हतं.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी इंजेक्शन दिलं आणि थरथर थोडी उतरेपर्यंत हाताने धरून ठेवलं. मग कोमट पाण्यात, भांडी घासायच्या द्रव साबणाने काजळीला मान, गाल, पंजे असं धुतलं. "गरम नाही, गारही नाही," त्या मदतनीस बाईंना सांगत होत्या. "गरम पाण्याने औषध कातडीत जास्त शिरतं. गार झाली तर कापरं वाढेल." मला त्यांनी कोपऱ्यात उभं केलं होतं. मी सगळं बघत होतो. सलाईनच्या नळीत थेंब पडत होते. मला पुन्हा कुतूहल वाटायला लागलं आणि या वेळी त्याची लाज वाटली.

"हिला उतारा काय?" मी विचारलं.

"उतारा नाही. कापरं आवरायचं, तापमान सांभाळायचं आणि वाट बघायची. कुत्र्याच्या शरीरात हे औषध मोडतं. मांजरीला ते मोडता येत नाही."

"वाचेल?"

"लवकर आणलंत तर बहुतेक वाचतात." त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कान कधी हलायला लागला?"

मी खरं सांगितलं. दहा मिनिटांचंही सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

"पण मी हिला लावलंच नव्हतं हो," मी म्हणालो. हे मी त्या दिवशी तिसऱ्यांदा म्हणत होतो.

"मांजरीला काय, औषध कुठून आलं याच्याशी तिला काय करायचंय? ती त्याच्या अंगावर झोपते, त्याला चाटते. म्हणून हे औषध लावलेला कुत्रा मांजरीपासून वेगळा ठेवायचा. नुसतं वाळेपर्यंत नाही, असे बिलगून झोपणारे असतील तर दोन-तीन दिवस. त्याची गोधडीसुद्धा वेगळी. त्या पातळ कागदावर असतं सगळं. खरं म्हणजे घरात मांजर असेल तर मी हे औषध देतच नाही, दुसरी आहेत." त्या थांबल्या. "तुम्हाला कोणी दिलं हे?"

"बायको लावायची. सहा वर्षं. काही झालं नाही कधी."

त्यांनी जुनं कार्ड काढायला सांगितलं. मदतनीस बाईंनी खणातून काढलं, पिवळं पडलेलं. ते त्यांच्या आधीच्या डॉक्टरांच्या अक्षरात होतं. त्या वाचत होत्या आणि मी उलट्या बाजूने त्यांचं बोट कुठे जातंय ते बघत होतो. "पिसवांची गोळी दिल्यावर कुत्र्याला झटका आला होता. बरोबर, म्हणून हे दिलं असणार. आणि इथे लिहिलंय, घरात मांजर. बाईंना समजावलं. कुत्र्याला औषध लावल्यावर मांजर किमान दोन दिवस बंद खोलीत. मांजर एकटी दारावर अंग टाकते म्हणून बाई तिच्याबरोबर बसणार." त्यांनी वर बघितलं. "बसायच्या का त्या?"

मी खुर्चीवर बसलो. आमच्या कामात पहिला धडा असतो. मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची आणि मगच आत उतरायचं. नुसता स्विच पाडून कुणी आत उतरला तर मी त्याला त्या दिवशी घरी पाठवतो. बायकोला हे मी लग्नानंतर पहिल्या वर्षी सांगितलं होतं, ती रोज मी परत येईपर्यंत काळजी करायची म्हणून. ती दार लावत होती, कडी घालत होती, आणि मी बाहेर पाय आपटत होतो. आणि काल मी मेन पाडला आणि कुलूप न घालता निघून गेलो होतो.

"तिने मला हे सांगितलं कसं नाही?" मी म्हणालो.

"तुम्ही विचारलं होतंत?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. कान कधी हलायला लागला असं विचारलं होतं त्याच आवाजात त्यांनी हे विचारलं. मी नाही म्हणालो आणि त्यांनी मान हलवली, जणू तीही एक नोंद होती.

थोड्या वेळाने दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात आली. कार्डावर किमान दोन दिवस होतं. ती तीन दिवस बसायची. मी ते कार्ड मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. दोनच होतं. 'किमान' या शब्दामुळे तिने एक दिवस वाढवला असेल. तसा स्वभाव होता तिचा, मीठसुद्धा चवीपुरतं म्हणजे किती असं विचारायची. किंवा तिसरा दिवस मांजरीचा नसेल. तो तिचा स्वतःचा असेल. मी खूप वेळ त्या तिसऱ्या दिवसाचा विचार करत बसलो. मला त्याचा राग येत नव्हता, हे मला नवीन होतं. सहा वर्षं मी तिन्ही दिवस माझ्यावर घेतले होते. त्यातले दोन एका झटक्यात उतरले, आणि तिसऱ्याबद्दल मला खरोखरच काही माहीत नव्हतं. आत काय चालायचं? खिडकीत बसायची? झोपायची? मला ते जाणून घ्यायचं होतं, मुळापासून, एखाद्या अनोळखी माणसाबद्दल वाटावं तसं.

काजळीला रात्रभर तिथेच ठेवायचं ठरलं. डॉक्टरीणबाईंनी मला घरची कामं दिली. पिसवा जनावरावर थोड्या आणि घरात जास्त असतात, अंडी फटींत आणि कापडांत पडतात. म्हणून चादरी, गोधड्या, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवायचे, कोपरे व्हॅक्यूमने काढायचे आणि त्यातला कचरा लगेच बाहेर टाकायचा. ठोकळ्याला त्यांच्या सांगण्याप्रमाणे अंघोळ घालायची. काजळीच्या पिसवांना वेगळं औषध, मांजरीचं, तिच्या वजनाचं, आणि तेही ती पूर्ण बरी झाल्यावर त्या स्वतः लावणार. "आणि काका," त्या म्हणाल्या, "अर्धं-पाऊण करून कुठलंच औषध एकाचं दुसऱ्याला नाही." मी म्हणालो, ते मला माहीत आहे. मग म्हणालो, ते तेवढंच माहीत होतं.

मंगळवारी सकाळी मी दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर होतो. काजळी पिंजऱ्यात बसली होती, केस उभे, अंगाला साबणाचा वास. मी बोट आत घातलं तर तिने ते चावलं. "छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काल तिला जबडा आवळता येत नव्हता." कान मधूनच एकदा हलला. तो दिवसभर हलेल, उद्याही थोडा, त्या म्हणाल्या. एक तास अजून बघू आणि मग न्या. मी बाहेर बाकावर बसलो. मुलीचा फोन आला. शिंप्याच्या बायकोने तिला कळवलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. कार्डाचंही सांगितलं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मांजरीचं? हो. आई म्हणायची, आज माझी ड्युटी आहे."

"तुला फोन करायची आतून?"

"रविवारी. नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून. मला सुट्टी असायची ना, दोन-दोन तास बोलायची."

म्हणजे तिसऱ्या दिवसाचे दोन तास सापडले. बाकीचे राहिले. "काय बोलायची?"

"काहीही. मी काय शिजवलं, घरमालकीण काय म्हणाली." ती थांबली. "बाबा, एक विचारू? त्या रविवारी तुम्ही कुठे जायचात?"

"कोण म्हणालं?"

"आई. ती म्हणायची, हे बारा वाजले की दार ओढून घेतात आणि संध्याकाळी येतात. दर महिन्याला. कामाचा दिवस नाही, कपडे कामाचे नाहीत. विचार ना तूच, म्हणायची मला. मी म्हटलं, तू विचार."

दवाखान्यासमोर एक बाई कुत्र्याला आत ओढत होती आणि तो चारही पाय रोवून बसला होता. तो आत जाईपर्यंत मी थांबलो.

"जुन्या नऊ मजली इमारतीत जायचो," मी म्हणालो. "गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. किल्ली माझ्याकडे असते."

"रविवारी? तिथे काय काम?"

"काम नाही. बसायचो. कोणी बटण दाबलं की दोर हलतो, मग थांबतो. ते बघायचो."

"संध्याकाळपर्यंत?"

"हो."

"आईला वाटायचं तुम्ही हॉटेलात जेवायला जाता. तिने घाईत केलेलं आवडत नाही म्हणून."

"छे. ते मी डब्यात भरून न्यायचो. वर बसून खायचो."

"मग तिला डबा दिसला कसा नाही कधी?"

"तिथल्याच नळावर धुवायचो, येताना कोरडा करून फडताळात ठेवायचो."

"का पण?"

आतून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली, काका या, हिला दोन्ही हातांनी घ्या, घाबरलीये. मी मुलीला म्हणालो, "ठेवू नकोस. हिला घेतो आणि सांगतो."